देवमाशाचा दात

"खोटं वाटेल तुम्हाला, पण ऐका!" गावाच्या बैठकीत यंगोनाच्या मुळांच्या नशिल्या पेयाची करवंटी एका दमात रिचवून विलिमोनी गरजला. रग्बी संघाची निवड त्याच्या हातात होती, आणि बूटकंपनीची लाच खाल्ल्याबद्दल उद्या त्याची चौकशी होती. गाव पाठीशी उभं राहिलं तरच खुर्ची वाचणार होती.

"कंपनीचा साहेब देवमाशाचा दात घेऊन माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. म्हणाला, सगळ्या पोरांच्या पायात आमचेच बूट हवेत. आता असा दात हातात घेतला की मागणी मान्य झाली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी बोटसुद्धा लावलं नाही! आणि दात तरी कसला? आपल्या आज्यांनीही पाहिला नसेल असा. चांगला पाऊण किलोचा, वर गुंजभर जास्तच!"

म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. विलिमोनीची छाती आणखी फुगली.

चटईच्या टोकाला लिटिया बसली होती. तेच बूट पायाला चावतात असं तिचा मुलगा म्हणाला, म्हणून विलिमोनीने त्याला संघातून काढलं होतं. तिने करवंटी खाली ठेवली.



"बोट न लावता तोललास कशाने रे, दादा? नाकाने?"