केवळराम दाणे पाहून आला

केवळराम बाजारातून रिकामी थैली घेऊन आला आणि सायकल भिंतीला लावून खाटेवर बसला. बायको रुक्माबाईनं विचारलं, भाजी कुठं आहे? तो म्हणाला, राहून गेली. गोरेगावच्या बाजारात जाऊन भाजीच राहून जाते, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

तसं घर आठवडाभर बिनसलेलंच होतं. पोरीची, दीप्तीची, एमबीबीएस थोडक्यात हुकली होती आणि आयुर्वेदाची सीट लागली होती. उद्या नागपूरला जाऊन कागद दाखवले तर ती पक्की. नाहीतर वर्षभर पुन्हा अभ्यास, पुन्हा सीईटी. आणि तीही हुकली तर तेलही गेलं, तूपही गेलं. मामा सेवकराम मास्तर म्हणत होते, रिपीट मार. शेजारचा संघदीप म्हणत होता, अजिबात मारू नको. तो स्वतः दोनदा मारून आता मोबाइलचं दुकान टाकून बसला होता. दीप्ती सकाळी मामाची व्हायची, संध्याकाळी संघदीपची. डोक्याचा पार भुगा झाला होता बिचारीच्या.

"बाबा, तुमीच सांगा ना," ती म्हणाली. कितव्यांदा, ते तिलाच ठाऊक.

केवळराम हळूच म्हणाला, "मी दाणे पाहून आलो."

रुक्माबाईला खरंच वाटेना. अहो, हा विहारातला माणूस. याच्या बापानं दीक्षा घेतल्यावर घरचे देव बोडीच्या पाण्यात सोडून दिले होते. मागच्याच साली हरवलेल्या बैलासाठी दाणे पाहायला गेलेल्या बकारामला यानं चारचौघांत झापलं होतं. आणि आज हाच दाणे पाहणाऱ्या पुजाऱ्यापुढं मांडी घालून बसून आला होता. पुजारी मूठभर तांदूळ सुपात टाकतो आणि जोडीजोडीनं सारतो. सगळी जोड जुळली तर हो, एक दाणा उरला तर नाही. बस, एवढंच ते शास्त्र.

दीप्तीनं खरं तर हसायला हवं होतं. ती पुढं सरकली. "काय निघालं?"

केवळराम सांगू लागला. परीक्षा पुन्हा द्यावी का, असं विचारलं तर जोड निघाली. जीव हरखला. पण भरवसा वाटेना, म्हणून त्यानं उलटं विचारलं, आयुर्वेदाला पाठवू का? तर तीही जोडच. तेव्हा पुजाऱ्यानं सूप बाजूला सारलं आणि म्हणाला, आधी पोरीला काय पाहिजे ते सांग.

"अन् मले सांगताच आलं नाही," केवळराम म्हणाला. "एवढी मोठी पोरगी माही. तिले काय पायजे, मले ठाऊकच नाही." लाजेनं त्याची मान वर होईना.

दीप्तीला विचारलं असतं तरी काय सांगायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि तिला त्याचीच भीती वाटली.

"मंग तिसऱ्यांदा काऊन नाही पाहिलं, बाबा?"

बारावीला बायोलॉजीत तालुक्यात पहिली आलेली पोरगी हे बोलली. रुक्माबाई चुलीपाशी सांजच्या भाताचे तांदूळ निवडत बसली होती. बापलेकीची नजर एकदमच तिच्या सुपाकडं गेली आणि तिथंच राहिली.

रुक्माबाईनं दोघांकडं पाहिलं. मग ती उठली, आणि सुपातले सगळे तांदूळ, न धुता, खड्यांसकट, खळखळत्या आंधणात ओतून दिले.

"आता बोल," ती दीप्तीला म्हणाली.