अजून थोडं पुढे

"आई, खंडू म्हणतो तू बागेत येतच नाहीस." देवेश दार अडवून उभा होता. "मग एवढी पावलं होतात कुठे तुझी?"

रत्नप्रभा चपला घालत होती. कमरेला, पदराआड, काड्यापेटीएवढा पेडोमीटर अडकवलेला होता. साखर वाढलीय, चालायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा सुनेने, दिशाने, तो आणून दिला होता. त्यात बाकी काही नव्हतं, नुसता पावलांचा आकडा दिसायचा. रोज संध्याकाळी दिशा तो आकडा बघायची आणि म्हणायची, "झकास, आई! माझ्या दुप्पट चालता तुम्ही." साखर खरंच उतरली होती. घरात सगळे खूश होते. बागेचा वॉचमन खंडू तेवढा मध्ये कडमडला.

"सांग ना, आई."

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "सुट्टीच आहे तुला."

मुलुंडच्या गल्ल्या संपेपर्यंत देवेश तिच्या मागून चालला. ती हायवेच्या कडेने भांडुपच्या दिशेला वळली तसा तो थबकला.

"तू बाबांना शोधतेयस."

रत्नप्रभा थांबली नाही. दीड वर्षापूर्वी एका दुपारी जयवंत घरातून निघून गेले होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पंचवीस वर्षं वॉचमनची नोकरी केली, दुसऱ्यांची दारं राखली. मग डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. आधी किल्ल्या विसरायचे, मग रस्ते, मग माणसं. त्या दुपारी ती जरा आडवी झाली होती. उठली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि त्यांच्या चपला जागच्या जागी होत्या. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, स्टेशनावर फोटो लागले. पुढे फोटोही फाटले. घरात कुणी त्यांचं नाव काढेनासं झालं.

ही पावलांची डबी कमरेला लागली आणि तिला वाट सापडली. किलोमीटर तिला कळत नसत, आकडा कळायचा. एकेक रस्ता धरायचा, जिथून परत फिरलो तो आकडा लक्षात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी अजून थोडं पुढे जायचं. स्टेशनची बाजू झाली होती. ठाण्याकडची झाली होती. प्रत्येक रस्त्यावर एखादी पाठ तशीच दिसायची, जरा वाकलेली, शर्ट बाहेर सोडलेला. ती भराभर पावलं उचलायची. माणूस वळला की तोंड भलतंच असायचं.

"बाबा गेले, आई," देवेश म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "तुझे गुडघे बघ. किती दिवस फिरणारेस अशी? समजून घे ना."

"तू जा घरी. मी येते."

तो गेला नाही. बडबडत मागे चालत राहिला.

तिला वाटलं, आत्ता सांगावं त्याला. त्या दिवशी जेवण वाढताना जयवंतांनी तिच्याकडे निरखून पाहिलं होतं. मग हात आखडून विचारलं होतं, "तुमी कोण? माज्या घरात काय करतास?" चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटचं बोलणं हे. भाकरी थापताना ते तिच्या कानात यायचं, देवापुढे बसली की यायचं. परक्या बाईच्या घरातून उठून जावं तसे ते गेले, असं तिने मनाशी धरलं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक बाई हातगाडीवर शहाळी विकत होती. इथवर रत्नप्रभा कधी आली नव्हती. तिने पाकिटातून फोटो काढला. देवेशने मान फिरवली.

बाईने कोयता खाली ठेवला. फोटो उन्हात धरला.

"हे आजोबा? आले होते की. खूप दिवस झाले. अनवाणी होते."

देवेश झटकन जवळ आला. "नक्की हेच?"

"मालवणीत, खंय-बिंय बोलत होते. मी विचारलं, आजोबा, हरवलात काय? तर चिडले माझ्यावर. म्हणाले, मी खंय हरवलंय? हरवलीय ती माझी बायको. घरात कोणतरी म्हातारी येऊन बसलीय, आणि हिचा पत्ता नाही." बाई हसली. "कशी दिसते विचारलं, तर म्हणाले, लांब वेणी आहे, अबोलीचा गजरा आहे. रत्ना म्हणून हाक मारली की वळून बघते."

रत्नप्रभाने गाडीचा दांडा घट्ट धरला.

"एक शहाळं सोलून दिलं मी. तोंडाला लावलं नाही हो त्यांनी. म्हणाले, ती सकाळपासून उपाशी असेल, मिळाली की दोघं पिऊ. तसंच हातात घेऊन गेले."

देवेश गाडीला वळसा घालून बाईसमोर आला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तो बाबांचा माग काढत होता. "मावशी, कुठल्या बाजूला गेले?"

"हे काय, सरळ. मिठागरांकडे." बाईने फोटो परत केला. तिच्या मनात काहीतरी आलं. "काय हो, मिळाली का मग त्यांना त्यांची बायको?"

देवेश आईकडे बघायला धजेना.

"नाही हो," रत्नप्रभा म्हणाली, "अजून नाही मिळाली," आणि खाडीच्या रस्त्याला लागली.