दुसऱ्या पाळीचा माणूस

दुपारचे दोन वाजून गेले तरी पाळी घ्यायला लंबू आला नाही, तेव्हा तिने फोन लावला.

पलीकडे गर्दीचा आवाज होता. कोणीतरी नावं पुकारत होतं.

"ताई, रागावू नका," लंबू म्हणाला. "मी रांगेत आहे. पोरांचा नंबर अचानक लागला. तुम्हाला सांगायचा धीरच झाला नाही."

"अरे, आज संध्याकाळी माझंही यान आहे. हौदावर कोण बसणार?"

"साहेब गेले तेव्हाही हौद इथेच होता ना, ताई," असं म्हणून लंबूने फोन ठेवला.

तिने मुख्य कार्यालयाला फोन केला. तो नुसताच वाजत राहिला.

अणुवीज केंद्र बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. भट्टीतून काढलेलं इंधन मात्र मागच्या इमारतीत, खोल हौदात पाण्याखाली होतं. ते अजून तापायचं. पाणी फिरतं ठेवायचं, गार ठेवायचं, एवढंच काम. पंप आपोआप चाले. पण तो आपोआप बंदही पडे. मग कोणीतरी उठून दुसरा पंप सुरू करायचा. या कामावर पूर्वी चाळीस माणसं होती. मंगळावरची वस्ती वाढत गेली तशी ती घटत गेली. पूर्वी कोणी वर गेला म्हटलं की लोक हळहळायचे, आता अभिनंदन करत. महिन्याभरापूर्वी साहेब वर गेले. उरली ही दोघं, बारा-बारा तासांच्या पाळ्या करत. तिच्या जागी उद्यापासून नवीन माणसं येणार, असं कार्यालयाने लेखी कळवलं होतं. गेल्या महिन्यातही कळवलं होतं.

अडीचच्या सुमारास नवरा दोन बॅगा घेऊन आला. तो शिंपी. जन्मभर मशीन चालवून पाठीत वाकलेला.

"अगं, चल लवकर. बस फाटकाशीच थांबवायला सांगितलंय."

"लंबू गेला."

"कुठे?"

"वर."

त्याने बॅगा खाली ठेवल्या.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "पोरीला बघा. तिकडे दोन महिन्यांची झाली नात, आपल्यापैकी कोणी अजून मांडीवर घेतलेली नाही."

"आणि तू?"

"नवीन माणसं आली की येईन."

"आज चुकलं तर नंबर रद्द होतो."

"माहीत आहे मला."

तो हौदाच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. आत बघण्यासारखं काहीच नव्हतं, पाणी होतं.

"हे थांबलं तर काय होईल?"

"आधी पाणी तापेल. मग आटत जाईल. मग इकडे कित्येक वर्षं कोणाला राहता येणार नाही."

"राहिलंय कोण इथं?"

तिने पाय खुर्चीवर घेतले. घोट्यांना सूज आली होती. "पाववाला आहे. शाळेतल्या बाई आहेत. नदीपलीकडचे तर सगळेच आहेत. त्यांचे नंबर कधी लागायचेच नाहीत."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, जास्त लांब.

"अहो, जा ना!"

त्याने एक बॅग उचलली आणि तो गेला. ती खिडकीशी गेली नाही. पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसली. बसचं दार आपटल्याचं ऐकू आलं, मग ती निघाल्याचं, मग काहीच नाही. तिने डोळे पुसले नाहीत. तेवढंही हलायचं त्राण नव्हतं.

पावलं वाजली. तो दारात उभा होता, रिकाम्या हातांनी.

"पोरीची झबली बसमधल्या शेजाऱ्यांकडे दिली," तो म्हणाला. "पोचवतील ते. जरा मोठीच शिवली होती, पोचेपर्यंत मापाची होतील."

तिने पाय खुर्चीवरून खाली घेतले.

"सरक. कुठे बघायचं ते दाखव मला."

"अहो, तुम्हाला नाही जमायचं."

"तुझं ऐकतोय ना मी? दाखव."

तिने दाखवलं. हा काटा लाल रेघेशी आला की हे बटण. पंप सुरू झाला नाही तर मला उठवा.

"आणि झाला तर?"

"तर झोपू द्या."

ती बाकावर आडवी झाली. चपला काढायच्या आतच तिचा डोळा लागला. त्याने त्या काढल्या, बाकाखाली ठेवल्या आणि खुर्ची पुढे ओढली. चष्मा पुसला. वाकून काटा पाहिला. मग आणखी वाकून.

"इथे उजेड फार कमी आहे गं," तो म्हणाला. "उद्या घरून मशीनवरचा दिवा घेऊन येतो."