समोरच्या दुकानातली दाढी

"थोरल्याचा हात थरथरत नाही हो. कधीच थरथरत नव्हता. मी तुमच्याशी खोटं बोललो होतो."

बेकरीवाल्याच्या मानेवरचे केस साफ करता करता धाकट्याने एका दमात सांगून टाकलं, आणि कात्री तशीच हातात धरून तो बोलणी खायला तयार झाला.

बेकरीवाल्याने आरशातून त्याच्याकडे बघितलं. मग मागच्या बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाला, "ऐकलंत? याला म्हणतात भाऊ! इतक्या वर्षांचा अबोला, तरी थोरल्यावर पांघरूण घालतोय."

"पांघरूण नाही घालत. खरं तेच सांगतोय."

"असू दे रे, असू दे. तुझ्याएवढं मन सगळ्यांना मिळत नाही." आणि बाकावरच्या पोस्टमननेही गहिवरून मान डोलावली.

धाकट्याने कपाळाला हात लावला. आठवडाभर हेच चाललं होतं. गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रवचन करता करता पाळकांनी मध्येच सूर खाली आणला आणि हळूच विचारलं, "ज्याला तू जखम केलीस, तो आज कुठे आहे?" ती ओळ धाकट्याच्या काळजात रुतली. भर उपासनेत ढसाढसा रडला. प्रभूने आपल्याला पदरात घेतलं याबद्दल त्याला तिळभर शंका उरली नव्हती. उठता-बसता तो आभारच मानत होता. पण थोरला होता रस्त्यापलीकडे, त्याच्या हजामतीच्या रिकाम्या दुकानात. म्हणून धाकट्याने ज्या खुर्चीशी उभं राहून ते खोटं पेरलं होतं, त्याच खुर्चीशी उभं राहून ते उपटायला घेतलं. तर कुणी उपटूच देईना! खोटं बोलला तेव्हा साऱ्यांना लगेच पटलं होतं. खरं बोलला तर वर शाबासकी पदरात पडत होती.

"आणि काय रे," पोस्टमन म्हणाला, "दुसऱ्यांच्या हजामती करतोस, नि स्वतःची दाढी ही एवढी वाढलेली? व्रतबित धरलंयस की काय?"

बाक खदखदून हसला. धाकटा हसला नाही. सकाळी बायकोनेही तेच विचारलं होतं. "आरशात स्वतःचं तोंड बघवत नाही," तो तिला म्हणाला होता. चहा गाळता गाळता ती म्हणाली होती, "मग दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या."

आत्ता कुठे त्या बोलण्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरला.

त्याने बेकरीवाल्याच्या अंगावरची चादर झटकली, गळ्यातला टॉवेल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि "आलोच" म्हणत सरळ रस्ता ओलांडला. मागे बाकावरचं हसणं एकदम थांबलं.

थोरला स्वतःच्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्याने मान वर केली. जागचा हलला नाही.

"काय हवंय?"

"दाढी करायचीय, दादा."

थोरल्याने त्याच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वर्तमानपत्राची घडी घातली आणि खुर्ची रिकामी केली.

"बस."

धाकटा बसला. डोकं मागे टेकलं, डोळे मिटले. गालावर ओला ब्रश फिरायला लागला.

"दादा, मी सगळ्यांना तुझ्याबद्दल..."

"तोंड मीट. फेस जाईल."

"मला माफ..."

"वस्तरा हातात असताना बोलू नये, एवढंही विसरलास?"

एक गाल झाला, दुसरा झाला. मग थोरल्याने बोटाने त्याची हनुवटी वर उचलली आणि पातं गळ्यावर टेकवलं.

आणि पातं थरथरलं.

धाकट्याला ते कातडीवर स्पष्ट कळलं. थोरल्याने वस्तरा चटकन उचलून घेतला. त्याचा श्वास जोरजोरात चाललेला ऐकू येत होता.

"ऊठ," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आज खरंच थरथरतोय."

धाकटा उठला नाही. त्याने डोळेही उघडले नाहीत. हनुवटी तेवढी आणखी वर केली, गळा पुरता उघडा केला, आणि मनातल्या मनात म्हणाला, प्रभू, तू मला इथवर आणलंस, तुझे उपकार.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पातं पुन्हा टेकलं, आणि लोण्यातून जावं तसं गळ्यावरून वर गेलं. कुठे ओरखडासुद्धा नाही.

"कापलं का रे?" दारातून बेकरीवाल्याचा आवाज आला. मान अर्धीच साफ झालेली, तसाच तो आला होता. त्याच्या मागे पोस्टमन, आणि त्याच्याही मागे झाडून सगळा बाक.

धाकट्याने तोंड पुसलं आणि उठून गळा त्यांच्यापुढे केला. "बघा."

बेकरीवाला जवळ आला, वाकून वाकून बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे... तू खरंच खोटं बोलला होतास?"

"खरंच."

"कमाल आहे तुझी!" बेकरीवाला तापला. आठवडाभरात धाकट्याला कुणी पहिल्यांदाच रागावलं होतं, आणि त्याला कसं निवांत वाटलं. "भल्या माणसाला वर्षानुवर्षं उपाशी बसवलंस होय रे! सरक बाजूला." आणि तो धप्पकन त्या खुर्चीत बसला. बाकीचे थोरल्याच्या धूळ बसलेल्या बाकावर दाटीवाटीने बसले. कुणीही धाकट्याकडे बघेना.

तो दारापाशी आला. समोर त्याचं दुकान उघडं होतं, आत चिटपाखरू नव्हतं. गुळगुळीत गालांना वारा गार लागत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसावंसंही त्याला वाटेना.

"तिथे उभा राहून काय बघतोस?" थोरला मागून म्हणाला. बेकरीवाल्याच्या मानेवरची नजर त्याने काढली नव्हती. "एवढी माणसं मी एकटा केव्हा उरकणार? बोलायचं ते नंतर बोलू. तुझी खुर्ची इकडे घेऊन ये."

धाकट्याची खुर्ची बोल्टांनी जमिनीत घट्ट आवळलेली होती. रस्ता ओलांडून तो दुकानात शिरला, गुडघ्यांवर बसला, आणि गुणगुणत पाना फिरवायला लागला.