तीनशे पावलं पुढे

अठ्ठावीस हजार चारशे बारा. आणि ताओ युएची अठ्ठावीस हजार सातशे. पेइचनने यादी पाहिली आणि मोबाइल गादीवर भिरकावला. मोबाइल भिरकावता येतो, गुडघा येत नाही. सुजलेला गुडघा उशीवर ठेवून ती दातओठ खात पडून राहिली.

ही यादी रोज लागे. मोबाइलने दिवसभरात मोजलेली ज्याची त्याची पावलं, जास्त चाललेला वर. नदीकाठी नाचणाऱ्या एकशेचाळीस बायका त्यात होत्या, पण पेइचन दोनच नावं वाचायची. पहिली येईल तिचा फोटो दुसऱ्या दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर झळके. गेले सात महिने तिथे ताओचंच थोबाड होतं.

नऊ वर्षं दोघी पहिल्या रांगेत शेजारी शेजारी नाचल्या होत्या. मग एकदा हातात पंखा घेऊन गिरकी मारताना पेइचन आपटली, आणि ताओने तिचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘म्हशीची गिरकी’. भाजीवाली हसली, घरात सूनही हसली. महिनाभर पेइचनला ना अन्न गोड लागलं ना झोप. तिने डूख धरला तो तेव्हापासून.

पुढे ताओच नाचायला यायची बंद झाली. हल्ली ती पलीकडच्या काठाला चालायला जाते, असं तिचा नवरा सांगे. पेइचनने संधी साधली आणि ग्रुपवर लिहिलं, ‘पहिल्या रांगेचे पाय गळाले वाटतं.’ एकशेचाळीसजणींनी हसून घेतलं. त्या रात्री पेइचन ढाराढूर झोपली. पंधरवड्याने ताओची पावलं वाढायला लागली.

मग पेइचननेही कंबर कसली. सकाळी नदीकाठ, दुपारी बाजार, यादी लागण्याआधी जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या. ती वीस हजारांवर गेली, तर ताओ तीनशे पुढे. ती पंचवीसवर गेली, तर ताओ पुन्हा तीनशे पुढे. सोमवारी डॉक्टरांनी गुडघ्यांचा एक्स-रे पाहिला आणि कपाळाला हात लावला. उजवा बदलावाच लागेल, डावाही त्याच वाटेवर आहे, चालणं आजपासून बंद, असं त्यांनी निक्षून सांगितलं. पेइचन रडली नाही. ती वेगळाच विचार करत होती. त्रेसष्ट वर्षांची बाई रोज अठ्ठावीस हजार पावलं चालेलच कशी? नक्की मोबाइल कुत्र्याच्या गळ्यात बांधून सोडत असणार. तिला रंगेहाथ पकडायचं, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. मग गुडघे गेले तरी बेहत्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताओच्या घराचे चार जिने चढली. लिफ्ट नव्हती. एकेका पायरीला तिने ताओला एकेक शिवी दिली. म्हाताऱ्या फेंगने, ताओच्या नवऱ्याने, दार उघडलं आणि तो दारातच आडवा उभा राहिला. ताओ घरी नाही म्हणाला. त्याला कोपराने बाजूला सारून पेइचन मोबाइल रोखून सरळ आत घुसली.

ताओ पलंगावर होती. चेहऱ्याची डावी बाजू ओघळलेली, डावा हात पांघरुणावर कुणी ठेवून विसरावा तसा पडलेला. उजव्या हाताशी स्टुलावर तळहाताएवढं एक यंत्र होतं. त्यात अडकवलेला मोबाइल डावीकडे-उजवीकडे हलत होता. टक, टक, टक, आणि पडद्यावर पावलांचा आकडा एकेकाने चढत होता.

फोटो निघाला होता. पेइचनने तो पाहिला आणि मटकन खुर्चीत बसली.

फेंगने गरम पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, अर्धं अंग गेलं, कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून हिने शपथ घातली, असं तो खालच्या आवाजात सांगत राहिला. पेइचनचं ते पाय गळाल्याचं तिने दवाखान्यातच वाचलं होतं. घरी आल्यावर पहिल्यांदा हे यंत्र मागवून घेतलं.

“आवाजानं रात्रभर झोप नाही हिला. रक्तदाब उतरत नाही. डॉक्टर म्हणतात बंद करा, पण ही हात लावू देत नाही,” फेंग म्हणाला. “दिवसभर तुझा आकडा बघत बसते, पेइचन. तू वाढलीस की मग हिचा जीव भांड्यात पडतो.”

पेइचनला आपली लाज वाटली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण या बाईचा सगळा जीवच आता त्या पिळावर तगून आहे, असं तिला वाटलं. नऊ वर्षं बरोबर नाचलेली बाई ही. तिने ताओच्या डोळ्यांसमोर तो फोटो पुसून टाकला. मग खुर्ची ओढून जवळ बसली आणि तिचा निकामी हात हातात घेतला.

“ताई, माझं चुकलं. पहिला नंबर तुझाच. मी कुणाला काही सांगणार नाही.”

ताओ तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. तिची नजर पेइचनच्या गुडघ्यांवर होती. तिचे ओठ हलले.

“उद्या... किती... चालशील?”

“उद्या कुठलं, ताई? संपलं माझं चालणं. दोन्ही गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा नाचणं नाही.”

ताओच्या चेहऱ्याची चांगली बाजू हळूहळू हसली. मग तिने उजवा हात लांबवला आणि यंत्र बंद केलं.