निळ्या झेंड्याचा किनारा

“इथे उतरायचं नाही. झेंडा दिसत नाही,” मोबाइलवरची यादी बघत मकरंद म्हणाला.

स्पेनमधला आमचा हा चौथा दिवस. ज्या किनाऱ्यावर स्वच्छ पाण्याचा निळा झेंडा नाही, तिथे माझ्या या नवऱ्याने मला पाऊलसुद्धा भिजवू दिलं नव्हतं. पन्नाशीत मी पोहायला शिकले ती याच समुद्रासाठी. सहा महिने रोज पहाटे टँकवर जात होते. “लोक पाण्यात काय काय करतात, तुला कल्पना नाही,” एवढंच तो ऐकवत राहिला.

शेवटच्या दिवशी एकदाचा झेंडा सापडला. वाळूत बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि मी पाण्यात शिरले. गळ्याइतक्या पाण्यात पोचते तोच मागे शिट्टी वाजली. वळून पाहिलं, तर मकरंद काठावर उकिडवा बसून वाळूने डबा घासत होता आणि समुद्रात विसळत होता. लोणच्याचं लाल तेल पाण्यावर पसरलं होतं. शेजारची बाई आपल्या मुलांना बाहेर ओढत होती.

लाइफगार्ड येऊन त्याच्यावर ओरडायला लागला. मकरंदने डबा उंच धरला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “माय वाइफ्स टिफिन,” तो दोनदा म्हणाला.

सगळा किनारा माझ्याकडे बघायला लागला. हा माणूस तुमच्याबरोबरचा का, असं लाइफगार्डने हातानेच विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली आणि खोल पाण्याकडे पोहत निघाले.