चिकट देठ

वसंतातल्या फुलांच्या चकत्या करायला आम्ही बायका डोंगरउतारावर जमलो होतो. हंड्याचं लोखंडी झाकण चुलीवर उलटं तापत होतं. तांदूळपिठाच्या चकत्या थापून झाल्या होत्या. एवढ्यात माझी नवी सून हेरीम फुलांची टोपली घेऊन आली. शेजारची माल्सून ओरडली, “अगं, फांदीशिवाय नुसती फुलंच खुडलीस? पानांआधी फुलतं ते फूल खायचं, पानांसोबत फुलतं ते विषारी. दोन्ही गुलाबीच, आता ओळखायचं कसं? फेकून दे!” हेरीम रडवेली झाली. मी म्हटलं, “टोपली आण इकडे.” “मावशी, तुम्हाला समोरचा डोंगर दिसत नाही!” माल्सून म्हणाली. “डोंगर कुठं खायचाय?” मी एकेक फूल देठाशी चिमटीत धरलं. विषारी फुलाचा देठ बोटांना चिकटतो. पाच चिकटली, ती पुरून टाकली. बाकीची चकत्यांवर लावून हेरीमने त्या भाजल्या. पहिली मी खाल्ली. सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. “मावशी, कसं वाटतंय?” “मध कमी पडलाय.” सगळ्यांत आधी हेरीमच हसली.